रंग वाळेपर्यंत

राजमतीची नखं काळी पडलेली तिच्या आधी शेजारच्या विमलाबाईंना दिसली.

बेळगावच्या दवाखान्यात केमो सुरू झाल्यापासून निपाणीच्या त्या घरात माणसांची रीघ लागली होती. येणारा डाळिंबांची पिशवी घेऊन यायचा आणि पिशवीबरोबर एक मेलेला माणूस. कुणाची मावशी, कुणाचा साडू, कुणाच्या दुकानातला हिशेबनीस. सगळ्यांना हेच झालेलं, सगळे शेवटी फार हाल होऊन गेलेले. ते सगळं सांगून झालं की येणारा म्हणायचा, "पण तुमी धीर सोडू नका." आणि चहाची वाट बघत बसायचा.

राजमतीला उठवत नसायचं तरी ती उठायची. लग्न होऊन या घरात आल्यापासून आल्यागेल्याला तिनं कोरडं पाठवलं नव्हतं. त्या दिवशी तिनं कप पुढं केला आणि विमलाबाईंची नजर तिच्या बोटांवर गेली. नखं मुळापासून तपकिरी झाली होती, कडेला काळी रेघ, आणि उजव्या अंगठ्याचं नख खालच्या मांसापासून थोडं सुटलेलं. विमलाबाईंनी हात मागं घेतला.

"आत्ताच घेऊन आलो वो. नको."

कप टेबलावर तसाच राहिला. थोड्या वेळानं राजमतीची सून दिव्या आतून दुसरा कप घेऊन आली, तो मात्र विमलाबाईंनी घेतला. बशीत ओतून, फुंकर मारून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

राजमती बघत राहिली. तिला वाईट वाटायला हवं होतं. आजवर असं काही झालं की तिला वाईटच वाटायचं. आठवडा आठवडा मनाला लागून राहायचं. या वेळी झालं ते वेगळंच. फुर्र फुर्र करत चहा पिणारा तो जाड ओठ बघून तिला वाटलं, ह्या बाईला आपण इतकी वर्षं भ्यायलो? हिच्यासाठी दर दिवाळीला अनारसे मऊ झाले का बघत बसलो? विमलाबाई गेल्यावर तिनं डाळिंबांची पिशवी उचलून दाराबाहेरच्या कट्ट्यावर ठेवली.

"दिव्या, तुझी ती बाटली आण."

"कसली, आत्ती?"

"नखाला लावतीस ती. मरून."

दिव्याला वाटलं, सासूचं डोकं औषधानं फिरलं. साठीच्या राजमतीनं आयुष्यात कधी नखाला मेंदीशिवाय काही लावलं नव्हतं. दिव्याच्या बोटांवर रंग दिसला की तिच्या कपाळावर आठी चढायची, ती दिव्यानं कितीदा बघितली होती. पण तिनं बाटली आणली.

पहिल्यांदा सगळं बिघडलं. दिव्यानं बाटली खळाखळा हलवली, एकदाच भरपूर रंग घेऊन जाडजूड थर दिला आणि लवकर वाळावं म्हणून पंखा मोठा केला. वरून रंग वाळल्यासारखा दिसला, आतून तसाच ओला होता. राजमतीला बसवेना म्हणून ती आडवी झाली, डोळा लागला, आणि उठली तेव्हा दहाही नखांवर चादरीची वीण उमटली होती.

"हे काय केलंस गं? माझ्या नखाला शिवण घातलीस व्हय?"

दिव्यानं मोबाइलवर व्हिडिओ शोधले. एक मुलगी गुलाबी खोलीत बसून सांगत होती, ओठ पुढं काढून, मान तिरकी करून. हेअर ड्रायर लावा म्हणाली, बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवा म्हणाली, मग स्वयंपाकाचं तेल चोळा म्हणाली. राजमतीनं चष्मा लावून तो व्हिडिओ पूर्ण बघितला.

"एका नखावर एवढा वेळ बोलतीया. हिच्या घरात कोण जेवत न्हाय काय?"

तरी त्यांनी एकेक करून बघितलं. ड्रायरच्या गरम हवेनं रंगाला बारीक फोड आले आणि राजमतीची हुळहुळी नखं आतून ठणकली. तेलानं नख चकाकलं, पण रंग होता तिथंच ओला. दिव्या चुकत होती, पुसत होती, पुन्हा लावत होती. पुढच्या खेपेला बेळगावला गेल्यावर दिव्यानं डॉक्टरबाईंना भीत भीत विचारलं. त्या हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत म्हणाल्या, "लावा की. गडद रंग लावला तर बरंच. पण पुसायचं औषध ॲसिटोन नसलेलं घ्या, आणि इथं येताना एक बोट तरी मोकळं ठेवा. त्या बोटाला आम्हाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावावा लागतो." आणि पुढच्या बाईला हाक मारली.

हळूहळू दोघींना जमलं. बाटली हलवायची नाही, तळहातांत धरून फिरवायची, म्हणजे बुडबुडे येत नाहीत. आधी बिनरंगाचा एक हात. मग रंगाचा पातळ थर, कातडीच्या अलीकडं थांबवलेला. तो पुरता वाळला की दुसरा, तेवढाच पातळ. पंखा बंद. शेवटी गार पाण्याच्या वाटीत बोटं थोडा वेळ सोडायची. वाळलं का ते बघायला बोट लावायचं नाही. दोन नखं एकमेकांना अलगद टेकवायची, चिकटली नाहीत तर झालं.

सगळ्याला निम्मी दुपार लागायची. त्या वेळात राजमतीला काहीही करता येत नसे. हात गुडघ्यांवर पालथे ठेवून, बोटं फाकवून ती सोप्यात बसून राहायची. फोन वाजला तरी वाजू द्यायची. बेल वाजली तर दिव्या जायची, आणि दिव्या गच्चीवर असली तर आलेला माणूस परत जायचा. नुसतं बसून राहायला इतकं बरं वाटतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिचा नवरा सुकुमार याचं बाजारपेठेत खत-बियाण्यांचं दुकान होतं. दुपारी जेवायला घरी यायचा आणि पाच मिनिटं पाठ टेकून परत जायचा. पहिल्यांदा ती नखं बघितली तेव्हा तो काही बोलला नाही. दुसऱ्यांदा दुकानातला भरमू खताची बिलं घेऊन सोबत आला होता, त्याच्यादेखत बोलला.

"बघ रं भरमू. डोक्यावर केस न्हाय आणि नखाला रंग. आता पायात घुंगरू तेवढं ऱ्हायलं."

भरमूनं खाली बघितलं. राजमतीनं नवऱ्याकडं बघितलं. पोट पुढं आलेला, दाढीचे खुंट वाढलेला, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग पडलेला माणूस. तिच्या आजाराबद्दल कुणी विचारलं की हा आधी आपल्या साखरेबद्दल सांगायचा. बेळगावला तिच्याबरोबर एकदाही गेला नव्हता. वीरेंद्र, त्यांचा मुलगा, रजा टाकून न्यायचा. दवाखान्याच्या वासानं आपल्याला मळमळतं, असं सुकुमार सगळ्यांना सांगायचा, आणि सांगताना चेहरा असा करायचा की केमो त्यालाच चढते.

"पाणी दे," तो म्हणाला.

"रंग ओला हाय," राजमती म्हणाली.

"म्हंजे?"

"म्हंजे घ्या तुमच्या हातानं. दिव्या कपडे वाळत घालाय गेलीया."

सुकुमार आत गेला. भांड्यांचा आवाज झाला. फडताळ उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं. "पेलं कुठं हायत?" तो आतून ओरडला. मग गाळलेल्या पाण्याचा हंडा कोणता नि न गाळलेल्याचा कोणता, हे त्याला कळेना. तेही त्यानं ओरडून विचारलं. शेवटी तो वरणाची वाटी भरून पाणी प्यायला आणि मिशा पुसत बाहेर आला. भरमूच्या चेहऱ्यावर हसू येत होतं, ते त्यानं खोकल्यात घालवलं. राजमतीला हसूही आलं नाही. तिनं डावं नख उजव्या नखाला टेकवलं. अजून चिकटत होतं.

त्या दिवसापासून सुकुमार तिच्या हातांकडं बघेनासा झाला. बोलायचा ते भिंतीकडं बघून. चिकोडीला दिलेल्या आपल्या थोरल्या बहिणीला, त्रिशलाक्कांना, त्यानं फोनवर काय सांगितलं कोण जाणे. पण पावसाळा सरता सरता त्या बॅग घेऊन राहायलाच आल्या.

येण्याला कारणही होतं. गावात जैन साध्वींचा, माताजींचा संघ येणार होता आणि एका सकाळचा आहार सुकुमारच्या घरी व्हावा असं बस्तीतल्या, जैन देवळातल्या, मंडळींनी ठरवलं होतं. माताजी दिवसातून एकदाच आहार घेणार, तोही उभ्यानं, ओंजळीत. त्यासाठी चौका लावायचा, म्हणजे आहाराचा स्वयंपाक, सगळं शुद्ध, सोवळ्यात. राजमतीनं आजवर कितीतरी चौके लावले होते. तिला त्या सकाळी आवडायच्या. कढईत तूप कढवताना सगळं घर गप्प असायचं, तिला स्वतःचा आवाजसुद्धा ऐकू यायचा नाही.

त्रिशलाक्का सोप्यात आल्या त्या नखंच बघत आल्या.

"छी! एन इदु? हे काय थेर लावलंयस?"

"नखं काळी पडल्यात, आक्का. औषधानं."

"पडंनात. झाकायला ही तऱ्हा? कॉलेजातली पोरगी हायस काय तू? नखाला रंग लावलेल्या बाईला चौक्यात उभं करत न्हाईत, म्हाईत हाय न्हवं?"

"म्हाईत हाय."

आणि ते खरंच होतं. तो नेम राजमतीला लहानपणापासून पाठ होता, त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. रंग पुसायचा असं तिनं आधीच ठरवलं होतं. तिनं तसं सांगितलं असतं आणि प्रश्न मिटला असता. पण त्रिशलाक्का थांबल्या नाहीत. सुपारी कातरत कातरत त्या दिव्याला म्हणाल्या, राजमती समोर नसल्यासारख्या, "असल्या वागण्यानंच असली दुखणी येत्यात. आमच्या आईच्या वेळंला या घरात कुणाला साधा ताप न्हवता."

दिव्यानं तोंड उघडलं. राजमतीनं मान हलवून तिला थांबवलं. त्रिशलाक्कांच्या आईचं शेवटचं वर्षभराचं दुखणं राजमतीनंच काढलं होतं. तेव्हा त्रिशलाक्का चिकोडीहून दोनदा आल्या होत्या आणि दोन्ही वेळा जेवून गेल्या होत्या. हे बोलून दाखवावं एवढीही या बाईची लायकी नाही, असं राजमतीला वाटलं.

आदल्या दिवशी दुपारी तिनं रंग पुसला. कापूस त्या बिनॲसिटोनच्या औषधात भिजवून एकेका नखावर दाबून धरला, सुटलेलं नख ओढलं जाऊ नये म्हणून घासलं नाही. खालची नखं पहिल्यापेक्षा वाईट दिसत होती. दोन जवळजवळ काळी झाली होती, अंगठ्याचं निम्म्यापर्यंत उचललं होतं आणि खालून पिवळट दिसत होतं.

सकाळी अंघोळ करून, सोवळ्याची पांढरी साडी नेसून, डोक्यावर पदर घट्ट घेऊन राजमती चौक्याच्या दाराशी आली. आत त्रिशलाक्का आणि बस्तीतल्या दोघी बायका भांडी मांडत होत्या. राजमतीनं दुधाच्या पातेल्याला हात घातला.

"थांब!" त्रिशलाक्का किंचाळल्या. "त्या हातानं न्हाय!"

"रंग पुसलाय, आक्का."

"ते दिसतंय. पण ही नखं? आई गं, बघवंनात." त्यांनी खरंच तोंड फिरवलं. बाकीच्या दोघींनी एकमेकींकडं बघितलं. एक म्हणाली, "तुमी बाहेर बसा की, राजमतीबाई. आमी करतो." दुसरी हळूच म्हणाली, "रंग तरी बरा दिसायचा."

राजमतीनं पातेलं सोडलं. दोन्ही हात पुढं धरले, बोटं पसरून, तिघींना नीट दिसतील असे. आवाज चढवला नाही.

"रंग लावला तर पाप. पुसला तर घाण. तुमी तिघी शहाण्या हायसा, मला एवढंच सांगा. हे हात मी ठेवू कुठं?"

एकीनं दुधाचं पातेलं आत ओढून घेतलं.

"मेल्यावर तरी हात लावणार की न्हाय? का तवाबी बघवणार न्हाय?"

"शुभ दिवशी असलं बोलतीस?" त्रिशलाक्कांचा आवाज चिरकला.

"तुमी काल बोललासा. मी आज बोलले."

ती मागं सरली. तिची जागा भरायला त्रिशलाक्कांनी दिव्याला हाक मारली. दिव्या जिन्याच्या पायरीवर उभी होती, तीही सोवळ्यात, बोटं स्वच्छ. ती म्हणाली, "मी न्हाय येत. आत्ती न्हाईत तिथं मी न्हाय."

"माजलीस तू!"

"व्हय," दिव्या म्हणाली आणि राजमतीशेजारी येऊन उभी राहिली.

आहार व्यवस्थित झाला. तसं म्हणायला हवं. माताजी आल्या, सगळ्यांनी वंदामि म्हणत स्वागत केलं, त्रिशलाक्कांनी ओंजळीत दूध घातलं, सुकुमारनं पाणी. राजमती आणि दिव्या अंगणात हात जोडून उभ्या होत्या. आत काय झालं ते माताजींना कळायचं कारण नव्हतं. जाताना त्यांनी साऱ्या घराकडं बघून मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला, त्या घरात राजमतीही आलीच. तेवढ्यापुरतं तिचं मन निवांत झालं. मग तिनं वळून नवऱ्याचा आणि नणंदेचा उजळलेला चेहरा बघितला, काहीतरी जिंकून आणल्यासारखा, आणि तिला किळस आली. तिच्या नखांची नाही.

दुपारी सगळे जेवायला बसले. त्रिशलाक्का खुशीत होत्या. पानावरून मोठ्या मनानं म्हणाल्या, "जाऊ दे गं. झालं गेलं. आता लाव हवं तर तुझा रंग, मी काय बोलत न्हाय."

"आक्का," राजमती म्हणाली, "जेवण झालं की वीरेंद्र तुमाला चिकोडीला सोडंल. माझं औषध संपस्तोवर हिकडं येऊ नका."

सुकुमारच्या हातातला घास हातात राहिला. "कुणाशी बोलतीयास? माझी बहीण हाय ती!"

"म्हणून जेवण झाल्यावर म्हटलं."

सुकुमारनं ताट सरकवलं. तो बरंच बोलला. घर कुणाचं, अन्न कुणाचं, दवाखान्याचा खर्च कोण करतंय, सगळं. राजमती भात कालवत राहिली. त्याचं बोलणं तिला रस्त्यावरनं जाणाऱ्या लाउडस्पीकरसारखं वाटत होतं; जवळ येतं, मोठं होतं, जातं. वीरेंद्र आईकडं बघत होता, बापाकडं बघत होता. शेवटी त्यानं उठून गाडीची किल्ली घेतली. त्रिशलाक्का रडल्या, बॅग भरली, आणि निघताना उंबऱ्यावर थांबून सुकुमारला म्हणाल्या, "बाई हाताबाहेर गेली रं तुझ्या." त्यावर सुकुमार दुकानात गेला तो सूर्य बुडायच्या तोंडाला परत आला, आणि दिवस बुडाल्यावर जेवायचं नाही या नेमानं वेळ टळली म्हणून उपाशी झोपला. राजमतीनं त्याला आग्रह केला नाही.

पुढं थंडीत औषधाचे सगळे हप्ते पूर्ण झाले. केस आले, आधी कापसासारखे, मग कुरळे. नखं मुळापासून गुलाबी यायला लागली. काळा भाग पुढं पुढं सरकत टोकाला आला आणि कापला गेला. अंगठ्याचं नख पडलं आणि नवं आलं, थोडं वाकडं. रंगाची गरज उरली नव्हती तरी राजमतीनं तो सोडला नाही. दिव्यानं तिला एक गडद जांभळी बाटली आणून दिली. विमलाबाई एकदा फाटकाशी थांबून म्हणाल्या, "आता बऱ्या झालासा की, मग कशाला?" राजमतीनं त्यांच्याकडं बघितलं आणि ती पुन्हा नखांकडं वळली. सुकुमार आताही भिंतीशीच बोलायचा. दुकानातल्या माणसांना सांगायचा, बायकोचा रंग वाळतोय, चहा बाहेरच घेऊ. ते हसायचे. त्याला वाटायचं ते तिला हसतात.

उन्हाळ्यात एकदा फोन आला. त्रिशलाक्का होत्या. इतक्या महिन्यांनी. आधी हवेबद्दल बोलल्या, चिकोडीच्या पाण्याबद्दल बोलल्या. मग आवाज खाली गेला.

"आमच्या धाकट्या जावेला तसलंच निघालंय गं. तुझ्यासारखंच. औषध सुरू झालंय. तिची नखं... तशीच झाल्यात. लई रडतीया. कुणाच्या म्होरं येत न्हाय. तू ते लावायचीस न्हवं..."

"काय लावायची?"

"ते गं. नखाला."

"काय ते, आक्का? मला कळंना."

मग त्रिशलाक्का म्हणाल्या, "नेलपॉलिश."

"हां," राजमती म्हणाली. "घ्या सांगते."

तिनं सांगितलं. डॉक्टरला आधी विचारायचं. रंग गडद. बाटली हलवायची नाही. पातळ थर, मधे वेळ सोडायचा, पंखा बंद, ड्रायर तर जवळसुद्धा आणायचा नाही. पुसायचं औषध कसलं घ्यायचं, कापूस कसा दाबायचा. दवाखान्यात जाताना एक बोट मोकळं. सगळं सांगितलं, एकही गोष्ट राखून ठेवली नाही आणि एकही शब्द गोड केला नाही. त्रिशलाक्का "हां, हां" करत होत्या. मधेच म्हणाल्या, "मी त्या येळंला जरा..."

"पातळ थर म्हटलं की पातळच," राजमती म्हणाली. "ऐकलासा न्हवं? ठेवते."

दिव्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कुणाचा फोन, आत्ती?"

"आक्कांचा. त्यांच्या धाकट्या जावेचा नंबर मिळव कुठनं तरी. तिच्याशी आपणच बोलू. निम्मं विसरल्या असतील त्या, आणि उरलेलं भलतंच सांगतील."

दिव्यानं मोबाइल काढला आणि चिकोडीच्या ओळखीच्या माणसांना एकामागून एक फोन लावायला सुरुवात केली.